गंजी मिसळल्यावर टेस्ट विचारू नका

"सर, डेटा सगळा भरून झाला. आता कोणती टेस्ट लावू तेवढं सांगा."

मार्च लागला की रिठदच्या माझ्या ओट्यावर हा प्रश्न येऊन बसतो. कधी एम.एस्सी.ची पोरगी असते, कधी बी.एड.चा पोरगा, कधी नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारा पन्नाशीचा मास्तर. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आता गावात राहतो, म्हणून ही मंडळी वाशिमहून, रिसोडहून गाडी काढून येतात. पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा, खिशात पेनड्राइव्ह आणि आठ दिवसांवर सबमिशन. मला या प्रश्नाचा संताप येतो. विचारणाऱ्या लेकरांवर माझा राग नाही. हा प्रश्न वर्षभर आधी विचारायचा असतो हे ज्यांनी त्यांना कधी सांगितलं नाही, त्या मार्गदर्शकांवर आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. विषय चांगला होता, आमच्या मातीतला होता. सोयाबीनची साधी पेरणी आणि बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरीवरची पेरणी, यांच्या उत्पादनात फरक पडतो का? कृषी विभाग बीबीएफ करा म्हणून सांगतो. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर ओल टिकते, बियाणंही वाचतं. आमच्या भागात अनेक जण अर्ध्या वावरात बीबीएफ करतात आणि अर्ध्यात नेहमीसारखं पेरतात, नव्याची खात्री पटेपर्यंत. तिने साठ शेतकऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले होते. मी विचारलं, "दोन्ही अर्ध्यांचा माल वेगळा मोजला होता का?" ती गप्प. सोंगणी ऑक्टोबरात झाली, ही फॉर्म घेऊन गेली जानेवारीत. ज्याने जे आठवलं ते सांगितलं, हिने ते लिहून घेतलं.

तिला घेऊन मी शेजारच्या एका काकांकडे गेलो. तिच्या साठातले तेही एक. काका म्हणाले, "पोरी, दोन्हीकडचं एकाच गंजीत टाकलं. थ्रेशरवाला का दोनदा येते? तू मले आधी सांगतलं असतं तं दोन गंज्या लावल्या असत्या. त्यात काय जड होतं?"

त्यात काहीच जड नव्हतं. एका माणसाने सप्टेंबरात येऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य बोलायचं काम तिच्या मार्गदर्शकाचं होतं, आणि त्याने वर्षभरात तिला एवढंच सांगितलं होतं की साठ नमुने घे आणि टी-टेस्ट लाव. कोणती टी-टेस्ट, कशासाठी, कोणाची कोणाशी तुलना, काही नाही. डॉक्टरने पेशंट न पाहता "गोळी घे" म्हणावं, तशातला हा प्रकार. एकदा गंजी मिसळली की जगातली कोणतीही टेस्ट त्यातले दाणे वेगळे करून देत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली कलकत्त्याला संख्याशास्त्राच्या परिषदेत हेच सांगून गेला: प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला बोलावणं, फार तर प्रयोग कशाने मेला ते तो सांगेल. त्याला पाऊणशेच्या वर वर्षं झाली. माझ्या ओट्यावर अजून दर मार्चला प्रेतंच येतात.

माल वेगळा मोजला असता, तरी पुढचा खड्डा होताच. तो नीट दाखवतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. समजा आठ शेतकरी आहेत. साध्या पेरणीत त्यांना एकरी ४, ५, ६, ७, ८, ९, १० आणि ११ क्विंटल झालं. चारवाल्याचं रान बरड, अकरावाल्याचं भारी काळं. त्याच शेतकऱ्यांच्या बीबीएफच्या अर्ध्यात ५, साडेपाच, ७, साडेसात, ९, साडेनऊ, ११ आणि साडेअकरा झालं. प्रत्येकाकडे वाढ आहे. कोणाकडे अर्धा क्विंटल, कोणाकडे एक. एकही जण तोट्यात नाही. साधा डोळा असलेला माणूस म्हणेल, फरक पडला. आता यावर दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट लावा, जी दहातले नऊ विद्यार्थी लावतात. टी येते ०.६२. तक्त्यात हवी २.१४. फरक सार्थ नाही, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो. आता त्याच आकड्यांवर जोडीची टी-टेस्ट लावा. म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतःशी फरक काढा आणि त्या आठ फरकांचा हिशेब करा. टी येते ७.९४. हवी असते २.३६. फरक डोंगराएवढा सार्थ.

आकडे तेच, शेतकरी तेच. पहिल्या टेस्टने काय केलं? बरड रान आणि काळं रान यांच्यातला जन्मजात फरक तिने बीबीएफच्या डोक्यावर मारला, आणि त्या गोंधळात अर्धा-एक क्विंटल बुडून गेला. दुसरीने प्रत्येक माणसाला त्याच्याच धुऱ्याच्या आत तोललं. यात गणिताची कठीण पायरी कुठे आहे? ज्याला माणसं माहीत आहेत, रानं माहीत आहेत, त्याला हे लगेच कळतं. आमच्या काकांना मी हे दोन मिनिटांत सांगितलं. ते म्हणाले, "बराबर आहे, त्याच्या वावराची माह्या वावराशी बरोबरी कशी करसान?"

आणि या चुकीच्या टेस्टनंतर प्रबंधात वाक्य काय येतं? "म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येत आहे." मराठीतले शेकडो प्रबंध या वाक्यावर संपले आहेत, आणि या वाक्याचा मला तिटकारा आहे. फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. अंधारात चष्मा सापडला नाही म्हणून घरात चष्मा नाही असं कोणी म्हणत नाही. पण प्रबंधात ते लिहिलं जातं, त्याच्यावर सही होते, बाइंडिंग होतं, आणि उद्या एखादा कृषी सहायक ते वाचून गावात सांगतो की संशोधनात बीबीएफचा काही फायदा दिसला नाही. कोणाच्या तरी चार एकराचं त्या एका वाक्यावर ठरतं.

टेस्टची निवड प्रत्यक्षात कुठे होते, तेही सांगून टाकतो, कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. ती होते झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात. टायपिंग, टेबल, ग्राफ आणि टेस्ट, सगळ्याचं एकच बिल. दुकानातला पोरगा गेल्या वर्षीची फाइल उघडतो, नवे आकडे टाकतो, जुनी टेस्ट तशीच राहते. त्याला मी दोष देत नाही, त्याने संशोधक असल्याचा दावा कधी केलेला नाही. दावा करणारा माणूस पहिल्या पानावर सही करून बसलेला असतो.

त्या दुकानातून निघालेली एक करामत मी इतक्या प्रबंधांत पाहिली आहे की आता पान उलटण्याआधी ओळखतो. आकडे सोपे करून सांगतो. वीस जणांना एक प्रश्न विचारला, बारा जण हो म्हणाले, आठ नाही. मत खरंच एका बाजूला झुकलंय का, हे पाहायला काय-स्क्वेअर लावायची. बारा आणि आठवर लावली तर ती येते ०.८, आणि हवी असते ३.८४. काहीच सिद्ध होत नाही, वीसच तर माणसं आहेत. पण दुकानात बारा-आठचे आधी टक्के होतात, ६० आणि ४०, आणि काय-स्क्वेअर टक्क्यांवर लागते. आता ती येते ४.०. सार्थ! वीस माणसांची शंभर झाली, ऐंशी माणसं हवेतून आली. काय-स्क्वेअर मोजलेल्या डोक्यांवर लावायची असते, टक्क्यांवर कधीही नाही, हे कार्ल पिअर्सनने १९०० साली ती मांडली तेव्हापासूनचं मूळ आहे. मार्गदर्शकाला हे ठाऊक नसेल तर त्याने सही करू नये. ठाऊक असून सही केली असेल तर ती लबाडी आहे.

या टेस्ट आकाशातून पडल्या आहेत असं आपल्या मुलांना वाटतं. सूत्र पाठ करायचं, पेपरात उतरवायचं. त्या शेतातून आल्या हे कोणी सांगतच नाही. टी-टेस्ट काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअरच्या कामावर होता. बार्लीचे, हॉप्सचे, कच्च्या मालाचे नमुने थोडे असायचे, आणि थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावं हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. कंपनी त्याला त्याच्या नावाने छापू देईना, म्हणून १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या नावाने निबंध छापला. स्टुडंटची टी ती तीच. फिशर १९१९ साली रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर गेला, वर्षानुवर्षांच्या पीक-नोंदी घेऊन बसला, आणि शेताचे तुकडे कसे पाडायचे, कोणत्या तुकड्यात काय पेरायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं का ठरवायचं, याचं शास्त्र त्याने उभं केलं. आपल्याकडे शेती-संशोधकांच्या पिढ्या ज्या पुस्तकावर शिकल्या, ते भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढलेलं पुस्तक पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी माणसांनी लिहिलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आमच्या कॉलेजांतून संख्याशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या किती मुलांना त्यांचं नाव माहीत आहे, हे मी वर्गात विचारून पाहत आलो आहे. हात वर येत नाहीत.

सुखात्म्यांचं एक काम तर रिठदच्या प्रत्येक घराशी जोडलेलं आहे. पीक कापणी प्रयोग, म्हणजे वावरात ठरावीक चौकट आखून तेवढंच पीक कापायचं, मोजायचं आणि त्यावरून सगळ्या महसूल मंडळाचं उत्पादन काढायचं. १९४०च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की कापणीसाठी चौकट फार लहान आखली तर उत्पादन फुगून दिसतं. कारण काठावरचं झाड आत की बाहेर, अशी शंका आली की मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो, आणि चौकट जितकी लहान तितकं काठाचं वजन जास्त. एवढी बारीक गोष्ट, पण तिच्यावर एका मंडळाचा पीकविमा उलटसुलट होऊ शकतो.

आणि पीक कापणीच्या दिवशी माझ्या गावातले लोक काय करतात ते मार्गदर्शकांनी येऊन पाहावं. गट नंबर यादृच्छिक अंकांवरून निघायला पाहिजे, हे शब्द त्यांना येत नसतील. पण रस्त्यालगतचं, विहिरीचं, हिरवंगार वावर निवडलं गेलं तर दहा माणसं धुऱ्यावर उभी राहून विचारतात, "हेच कसं निघालं?" एका चांगल्या वावराने साऱ्या मंडळाचं उत्पादन विम्यासाठी ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेलं तर सगळ्यांचा विमा जातो, हे त्यांना कळतं. नमुना कसा निवडला यावर निकाल ठरतो, हे ज्याला पोटातून कळलं आहे असा समाज इथे बसलेला आहे. आणि त्याच समाजात आमचे विद्यार्थी एसटी स्टँडवर भेटतील त्या पन्नास जणांकडून, मामाच्या गावच्या पन्नास जणांकडून फॉर्म भरून नेतात आणि प्रबंधात लिहितात, "यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडला." त्या दहा माणसांना हा प्रबंध वाचून दाखवायची मार्गदर्शकाची हिंमत आहे का?

बी.एड.च्या कृतिसंशोधनाचं दुखणं वेगळं आहे. तिथे टेस्ट पुष्कळदा बरोबर असते. तीस मुलं, पूर्वचाचणी, महिनाभर उपक्रम, उत्तरचाचणी, जोडीची टी, ०.०१ स्तरावर सार्थ. सगळं नियमात. पण वर्गातली सगळ्यात कच्ची मुलं, शाळेच्या भाषेत अप्रगत, वेचून घेतलेली असतात. एखादं पोर पहिल्या चाचणीच्या दिवशी तापाने फणफणलेलं असतं, एखादं आदल्या रात्री लग्नात जागलेलं. दुसऱ्या चाचणीला ती आपल्या जागेवर येतात, गुण वाढतात, उपक्रम असो वा नसो. वर महिनाभर वर्गात रोजचं शिकवणं चालूच असतं. तुलनेला दुसरा गट नाही. मग वाढ उपक्रमाने झाली हे कशावरून? टेस्ट सांगते की गुण वाढले. का वाढले हे तिला विचारायचंच नसतं. हे सांगितलं की उत्तर येतं, "सर, सगळे असंच करतात."

दोन गावांची तुलना करणारे प्रकल्पही असेच. एका गावात योजना राबवली, दुसऱ्यात नाही, दोन्हीकडून पन्नास-पन्नास माणसं घेतली, टेस्ट लावली, फरक योजनेमुळे. अरे, नाल्याच्या अल्याड पाऊस पडतो आणि पल्याड थेंब नसतो, हे आपण दर जूनमध्ये पाहतो ना? तुम्ही शंभर माणसं मोजली असतील, पण तुलना दोनच गोष्टींची केली, दोन गावांची. एकाच गावातली माणसं एकाच पावसात भिजतात, एकाच दवाखान्यात जातात. विदर्भातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांची काळजी घरातच घेऊन मृत्यू कमी होतात का, हे तपासलं तेव्हा ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू नोंदवला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदरात तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांची निव्वळ घट. कोणाला पटवायला तिथे टेस्टची कसरत करावी लागली नाही, कारण मोजायचं काय, कुठे आणि कशाशी, हे पहिलं बाळ मोजण्याआधी ठरलं होतं. विद्यार्थ्याला शहाऐंशी गावं झेपणार नाहीत, मान्य. मग त्याने दोन गावांवरून योजनेचा निकाल देऊ नये. एका गावातल्या माणसांबद्दल खरं बोलावं, तेवढं पुष्कळ आहे.

मला सांगतात, "पदवीपुरता प्रकल्प आहे, एवढं काय मनावर घेता?" पदवीपुरता असेल तर लोकांच्या दारात जाऊ नका. लायब्ररीत बसून करा. माझ्या गावातली बाई धुणं बाजूला ठेवून तुमच्या चाळीस प्रश्नांना उत्तरं देते. कोणी कर्ज सांगतं, कोणी घरातला आजार सांगतं, अनोळखी पोरीला सांगतं, कारण ती शिकणारी आहे म्हणून माया येते. त्या तासाभराचं तुम्ही काय केलं? चुकीच्या टेस्टमधून काढून ती उत्तरं कपाटात टाकली. त्या घरांतली माणसं मला वाटेत थांबवून विचारतात, "मास्तर, त्या पोरीनं एवढं लिहून नेलं, त्याचं काय झालं?" मला मान खाली घालावी लागते.

दुसरा बहाणा, खेड्यातल्या मुलांना गणित झेपत नाही. हा तर निव्वळ अपमान आहे. टेस्ट निवडायला काय लागतं? मी मोजतोय की नुसतं गटात टाकतोय? तोच माणूस दोनदा मोजला की वेगळी माणसं? आकड्यांत एखादा शंभर एकरवाला बसून सरासरी ओढतोय का? तसं असेल तर क्रमांकावर चालणाऱ्या टेस्ट आहेत, विल्कॉक्सनची, मान-व्हिटनीची, १९४०च्या दशकापासून आहेत. आणि माणसं एकमेकांपासून खरंच वेगळी की एकाच घरातली चार? बाजारात तूर विकणाऱ्या कोणत्याही पोराला हे प्रश्न कळतात. सूत्र मशीन सोडवतं. हे प्रश्न मात्र मशीन विचारत नाही, ते मार्गदर्शकाने विचारायचे असतात, आणि त्यासाठी त्याला एकदा तरी विद्यार्थ्यासोबत वावरात यावं लागतं.

आता राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धतीचा पेपर आणि संशोधन प्रकल्प दिला आहे. म्हणजे अशा गठ्ठ्यांची संख्या वाढणार. माझी मागणी साधी आहे, आणि ती मी प्रत्येक प्राचार्याला तोंडावर सांगायला तयार आहे. एकही फॉर्म भरण्याआधी विद्यार्थ्याने एका पानावर लिहावं की तुलना कोणाची, मोजमाप कोणतं, टेस्ट कोणती आणि का. त्या पानावर मार्गदर्शकाने तारीख टाकून सही करावी. ते पान प्रबंधाला पहिलं जोडावं. वीस टेस्ट लावून जी सार्थ निघाली तीच छापायची, हा धंदाही त्याच पानाने बंद होईल. कारण कुठेच काही फरक नसला तरी पाच टक्क्यांच्या पातळीवर स्वतंत्र वीस टेस्ट लावल्या, तर निदान एक तरी सार्थ निघायची शक्यता ६४ टक्के असते. आणि फरक निघाला नाही तर नाही निघाला असं लिहिल्याबद्दल मुलांचे गुण कापणं थांबवा. त्या सोयाबीनवाल्या मुलीने माझं ऐकून एक ओळ लिहिली होती, की उत्पादनाचे आकडे शेतकऱ्यांच्या आठवणीतले आहेत, दोन्ही अर्ध्यांचा माल वेगळा मोजलेला नाही. साऱ्या प्रबंधातली सगळ्यात खरी ओळ तीच होती. मार्गदर्शकाने ती काढायला लावली.

यंदा मे महिन्यात तिच्याच कॉलेजची एक पोरगी आली. हातात गठ्ठा नव्हता, पेनड्राइव्ह नव्हता. म्हणाली, "ताईने सांगितलं, आधी सरांकडे जा, मग कुठेही जा." विषय तोच घेतला. अर्ध्यात बीबीएफ, अर्ध्यात साधी पेरणी करायला तयार असलेल्या शेतकऱ्यांची यादी तिने घरोघरी फिरून केली. नावांच्या चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या, शेजारच्या नातीने एक-एक काढली. तिसरी चिठ्ठी निघाली नाल्यापलीकडच्या वावराची. पाऊस लागला की तिथे चालत जायलाही वाट राहत नाही. पोरीने माझ्याकडे पाहिलं. "सर, ही बदलू का?"

"नाही."

तिने नाव लिहून घेतलं. मृगात ती त्या वावरात गेली, गुडघाभर चिखलातून. धुऱ्यावर उभं राहून नाणं उडवलं आणि बीबीएफ कोणत्या अर्ध्यात ते ठरवलं. शेतकरी ते पाहत होता. निघताना त्याने विचारलं, "मंग बाई, सोंगणीले दोन गंज्या लावाच्या ना?"

"हो काका, दोन. मी त्या दिवशी येते."